गियरबॉक्स आणि घाट

वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर, नाटकावर, अर्थकारणावर व्याख्याने होतात आणि ती व्हावीतच. परंतु श्रोत्यांच्या खुर्च्या, मांडवाचे बांबू आणि मधल्या सुट्टीतल्या चहाची साखर ज्या ट्रकने गावात आली, त्याच्या पोटात काय चालते यावर बोलण्याचा प्रसंग सहसा येत नाही. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नाही. आमची उमेदीची वर्षे मोटार-कामगारांच्या संघटनेत गेली, आणि गियरबॉक्सची ओळख झाली ती तक्रारी लिहून घेता घेता. ‘ड्रायव्हरने क्लच जाळला, त्याच्या पगारातून कापा,’ असे मालक म्हणू लागला की तो क्लच खरोखर कोणी जाळला हे सांगता यावे लागते. ते सांगण्यासाठी बॉक्स उघडलेला पाहावा लागतो, मिस्त्रीच्या शेजारी बसावे लागते, आणि मिळेल ते पुस्तक वाचावे लागते. या विषयाकडे आम्ही त्या वाटेने आलो.

हातखंब्याचा तिठा रत्नागिरीकरांना दाखवावा लागणार नाही. मुंबईकडून निवळीवरून येणारा, गोव्याकडून राजापूर-लांजा-पाली करीत येणारा, आणि रत्नागिरीहून वर चढणारा असे तीन रस्ते येथे मिळतात. कोल्हापूरची गाडीही पालीपर्यंत याच वाटेने जाते, आणि मग नाणीज, साखरपा मागे टाकून आंबा घाटाला लागते. पेटीतला हापूस, बर्फातली मासळी, जांभ्याचे चिरे, सिमेंट, टँकरमधला वायू, सगळे येथूनच वळते. या तिठ्यावर उभे राहून ट्रकांच्या केबिनवरचे आकडे वाचावेत. 1210, 1613, 2515, 5530 असे आकडे दिसतात किंवा पूर्वी दिसत. पुष्कळांना ते कारखान्याचे काही गुप्त अंक वाटतात. त्यात गुप्त काही नाही. पहिले दोन अंक बहुधा मालासकट गाडीचे एकूण वजन टनांत सांगतात, आणि पुढच्या दोन अंकांवर एक शून्य वाढवले की इंजिनाची अश्वशक्ती मिळते. 1210 म्हणजे 12 टन आणि सुमारे 100 घोडे. 1613 म्हणजे 16 टन आणि 130 घोडे. मर्सिडीजच्या गाड्यांची नावेही याच धर्तीची असतात. टाटांनी जमशेदपूरला 1954 साली जर्मन डेम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला सुरुवात केली. ते सहकार्य 1969 पर्यंत चालले आणि नावांची ही रीत मागे राहिली.

आता हे आकडे घेऊन तिसरीतल्या मुलाचा भागाकार करून पाहावा. 1210 मध्ये टनामागे आठांहून थोडे अधिक घोडे पडतात. 1613 मध्ये जवळजवळ तितकेच. 2515 मध्ये सहा. 5530 मध्ये साडेपाच. म्हणजे गाडी मोठी झाली, इंजिन मोठे झाले, केबिन चकचकीत झाली, पण एकेका टनाच्या वाट्याला येणारे बळ मात्र घटले. त्यातच 2018 साली सरकारने वजनाची मर्यादा वाढवली. तीन आसांच्या ट्रकला 25 टनांऐवजी 28.5 टन, आणि सर्वांत मोठ्या जोडगाडीला 49 ऐवजी 55 टन अशी मुभा मिळाली. 300 घोडे 49 टनांत टनामागे सहा पडत होते, ते एका अधिसूचनेने साडेपाच झाले. हे अधिसूचनेत लिहिलेले नसते. भागाकार आपण करावयाचा असतो.

घोडे कमी पडले तर घाट कसा चढतो? तो गियरबॉक्समुळे चढतो. जांभ्याचा चिरा हाताने न उचलणारा माणूस पहारीने तो सहज हलवतो. पहारीचे लांब टोक हातभर खाली जाते तेव्हा चिरा बोटभर वर येतो. जोर वाढतो आणि अंतर घटते. गियरचे लहान चाक मोठ्या चाकाला फिरवते तेव्हा हेच होते. इंजिनाच्या सहा-सात फेऱ्यांत पुढच्या दांड्याची एक फेरी झाली की वेग तितक्या पटीने उतरतो आणि फिरवण्याचा जोर जवळजवळ तितक्या पटीने वाढतो. डिझेल इंजिनाची एक अडचण अशी की ते मिनिटाला साधारण हजार ते अडीच हजार फेरे एवढ्याच पट्ट्यात नीट काम करते. गाडीला तर मुंगीच्या पावलापासून ताशी 80 किलोमीटरपर्यंत सर्व वेग हवे असतात. म्हणून एक पहार पुरत नाही, निरनिराळ्या लांबीच्या अनेक पहारी लागतात. त्यांनाच आपण पहिला, दुसरा, तिसरा गियर म्हणतो. टनामागचे घोडे जितके कमी, तितके गियर अधिक. पूर्वीच्या ट्रकला पाच असत, मग सहा झाले, आता नऊ आणि बारा गियरांचे बॉक्स येतात.

पण एक पहार खाली ठेवून दुसरी उचलायची कोणी? सत्तर-ऐंशी वर्षे ते काम ड्रायव्हरच्या डाव्या पायाने आणि डाव्या हाताने केले. सरकत्या दातांचा गियरबॉक्स फ्रान्समध्ये पानहार आणि लेव्हासोर यांनी 1891 च्या सुमारास मोटारीला बसवला. त्यात फिरते दाते फिरत्या दात्यांत घुसवावे लागत. दोहोंचा वेग सारखा नसला की करकर आवाज होई आणि दात्यांचे तुकडे खाली तेलात सापडत. 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत दोन्ही चाकांचा वेग आधी सारखा करून घेणारे पितळी कडे आले, आणि मोटारवाल्यांचा त्रास संपला. ट्रकवाल्यांचा संपायला त्यापुढे कितीतरी वर्षे गेली. तोपर्यंत डबल क्लच हीच विद्या होती. क्लच दाबायचा, गियर काढून न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, चढावर असल्यास ॲक्सिलरेटरला एक झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा, आणि दाते जुळले असे कानाला वाटेल त्या क्षणी गियर टाकायचा. हे सर्व भरल्या गाडीचा वेग तुटण्याच्या आत. एकदा आम्ही क्लीनरच्या जागी बसून हातखंबा ते कोल्हापूर या वाटेवर क्लच किती वेळा दाबला जातो ते मोजायला घेतले होते. साखरप्यापर्यंत मोजले, आंबा घाटात मोजणे सोडून दिले. ड्रायव्हर हसून म्हणाला, “दादा, गुडघ्याला विचारा, तो नेमके सांगेल.”

ऑटोमॅटिक गियरबॉक्स या गुडघ्याची जागा घेतो. त्याचे पहिले अंग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. तेथे वारा आहे, येथे तेल आहे. एक पाते इंजिन फिरवते, ते तेल समोरच्या पात्यावर फेकते, आणि समोरचे पाते गियरबॉक्सला फिरवते. दोहोंमध्ये लोखंडाचा जोड नाही, म्हणून गाडी उभी असताना इंजिन चालू राहते आणि क्लच दाबावा लागत नाही. मधोमध स्टेटर नावाचे तिसरे पाते असते. परत येणाऱ्या तेलाला ते अशी दिशा देते की ते इंजिनाला अडवण्याऐवजी मदत करते, आणि गाडी सुटताना जोर दुपटीच्या आसपास वाढतो. हेरमान फोटिंगर या जर्मन इंजिनिअराने ही कल्पना 1905 साली जहाजांसाठी काढली होती. समुद्रातली वस्तू घाटात कशी आली याचा इतिहास मनोरंजक आहे, परंतु तो बाजूला ठेवू. ध्यानात ठेवायची गोष्ट एवढीच की तेल घसरते, आणि घसरण म्हणजे उष्णता. इंजिनाचा जो जोर चाकापर्यंत पोचत नाही तो तेल तापवतो.

कन्व्हर्टरच्या मागे ग्रहांच्या माळेसारखी चाके असतात. मधे सूर्य, भोवती तीन-चार ग्रह, आणि सर्वांना वेढणारे आतून दात असलेले कडे. यातले एक अडवले, दुसरे फिरवले, की तिसऱ्यावर एक वेग मिळतो. अडवण्याचे ठिकाण बदलले की दुसरा वेग मिळतो. दाते नेहमी एकमेकांत असतात, त्यामुळे करकर नाही. अडवण्याचे व जोडण्याचे काम तेलात भिजलेल्या पातळ चकत्यांच्या थप्प्या करतात, आणि त्या थप्प्या तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. कोणत्या वेळी कोणती थप्पी आवळायची हे ठरवणारा भाग म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी. हा ॲल्युमिनियमचा चपटा ठोकळा असतो, आणि त्यात मुंग्यांच्या वारुळासारख्या वाटा कोरलेल्या असतात. आता त्या वाटांच्या तोंडाशी विजेच्या झडपा असतात आणि हुकूम संगणक देतो. ड्रायव्हरचा कान या ठोकळ्यात गेला, डावा हात चकत्यांत गेला, आणि गुडघा तेलात.

असा ऑटोमॅटिक बॉक्स डिझेल इंजिनामागे बसवून पुढे एकेक भाग सुधारत गेले तर काय होते, याचे एक उदाहरण जगासमोर आहे आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातूनही जातो. कमिन्स ही अमेरिकन इंजिन कंपनी 1962 साली किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्याच्या कोथरूडला आली. पुढे 1993 साली टाटा आणि कमिन्स यांनी मिळून कंपनी काढली, आणि जमशेदपूरच्या कारखान्यात कमिन्सचे 5.9 लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन तयार होऊ लागले. टाटांच्या 16 आणि 25 टनी गाड्यांत ते बसले. हातखंब्यावरून अशा किती गाड्या गेल्या असतील याची गणतीच नाही. याच कुळातले 5.9 लिटरचे इंजिन अमेरिकेत डॉज कंपनीने 1989 साली आपल्या पिकअप गाडीत बसवले होते. डॉज हे नाव आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांना परके नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघत, आणि कोकणच्या लाल रस्त्यांवर ते बरीच वर्षे धावले. तेव्हा इंजिनांचे कूळ एक. येथे त्याच्यामागे हाताचा गियरबॉक्स आणि 25 टन. तेथे गिऱ्हाइकाने मागितल्यास ऑटोमॅटिक, आणि वजन आपल्या ट्रकाच्या मानाने खेळण्याएवढे.

त्या पिकअपचे इंजिन 160 घोड्यांचे होते, पण मुळात ते ट्रकचे. त्याला आणखी डिझेल पाजले तर ते न कुरकुरता कितीतरी अधिक जोर देई. मालकांनी पंप वाढवले. इंजिन हसतमुखाने जोर देत राहिले आणि ऑटोमॅटिक बॉक्स मरू लागले. यांतून जी दुरुस्तीची परंपरा तयार झाली ती वाचताना आम्हांला आपल्याच एखाद्या गॅरेजातली बोलणी ऐकल्यासारखे वाटले. प्रथम कन्व्हर्टर गेला. सरळ रस्त्यावर तेलाची घसरण टाळण्यासाठी त्याच्या आत एक क्लच असतो. तो इंजिन आणि बॉक्स यांना थेट जोडून टाकतो. वाढलेल्या जोराने तो घसरू लागला. मालकाने एका चकतीऐवजी तीन चकत्यांचा भक्कम कन्व्हर्टर बसवला आणि सुटलो म्हणाला. आता जोर पुरता पुढे गेला आणि आतल्या थप्प्या घसरू लागल्या, कारण त्यांना आवळणारा तेलाचा दाब पूर्वीचाच होता. म्हणून व्हॉल्व्ह बॉडी उघडून दाब वाढवला. दाब वाढला तेव्हा चकत्याच पुरेनात. थप्पीत जादा चकत्या घातल्या. चकत्यांनी धरले तेव्हा बॉक्समध्ये शिरणारा दांडाच पिळून तुटला. तो कठीण पोलादाचा केला, तर इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्यामधली पातळ तबकडी तडकली. ती जाड केली, तर दुखणे मागे प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवर आणि आसावर गेले. एक दुखणे काढले की पुढचे वर येते. दुबळा भाग सुधारला म्हणजे दुबळेपणा नाहीसा होत नाही. तो एक घर पुढे सरकतो.

हे घडते याचे कारण साधे आहे. घसरणारा भाग एका अर्थी बाकीच्यांना वाचवीत असतो. तो घसरतो, तापतो, जळतो, आणि त्यामुळे त्याच्या मागच्या दांड्यावर पुरता जोर जातच नाही. त्या जळणाऱ्या भागाला दोष देणे म्हणजे साखळीची जी कडी तुटली तिलाच चोर ठरवणे होय.

या धंद्यातला शहाणा मिस्त्री म्हणूनच वेगळ्या क्रमाने जातो. जोर वाढवण्याआधी तो तेलाचा विचार करतो. ऑटोमॅटिक बॉक्सचे तेल 80-90 अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले तर बॉक्स वर्षानुवर्षे चालतो. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते असा या लोकांचा ढोबळ हिशोब आहे. म्हणून पहिला पैसा तापमान दाखवणाऱ्या काट्यावर, दुसरा जास्तीच्या ऑइल-कूलरवर, तिसरा चांगल्या तेलावर आणि गाळणीवर. नंतर दाब, नंतर कन्व्हर्टर, नंतर चकत्या आणि दांडा, आणि हे सर्व धरले तर शेवटी इंजिनाला थोडे जादा डिझेल. आम्ही पाहिलेले बहुतेक मालक बरोबर उलटे जातात. डिझेल वाढवणे एका पान्याचे काम असते आणि त्याचा आनंद त्याच संध्याकाळी मिळतो. कूलरचा आनंद कोणालाच मिळत नाही. जे बिघडले नाही ते दिसत नाही.

आपल्या रस्त्यावर असा खरा ऑटोमॅटिक ट्रक अजून विरळा. खाणीतल्या अवजड डंपरांना आणि दिल्लीसारख्या शहरांतल्या काही बसगाड्यांना तो असतो. तिठ्यावरून जाणाऱ्या नव्या गाड्यांबद्दल ‘ही ऑटोमॅटिक आहे’ असे जे सांगतात ती बहुधा ए.एम.टी. असते, आणि हा फरक समजून घेतला पाहिजे. ए.एम.टी. मध्ये कन्व्हर्टर नाही, ग्रहांची माळ नाही. बॉक्स तोच जुना, क्लच प्लेट तीच जुनी. फक्त पायाच्या आणि हाताच्या जागी हवेच्या दाबाने किंवा विजेने चालणारे दांडे बसवलेले, आणि त्यांना हुकूम देणारा एक संगणक. डिझेल वाचते, गुडघा वाचतो, आणि नवख्या ड्रायव्हरच्या हातून दाते मोडत नाहीत. या गोष्टीचे आम्ही स्वागत करतो. कामगाराच्या शरीरावरचा बोजा यंत्राने घेतला तर कामगार संघटनेने छाती बडवण्याचे कारण नाही.

पण क्लच प्लेट तीच आहे, हे विसरू नये. निवळी घाटात एखादा टँकर आडवा झाला आणि मागे रांग लागली, म्हणजे चढावर दर मिनिटाला हातभर पुढे सरकावे लागते. ब्रेकने गाडी धरून ठेवण्याऐवजी ॲक्सिलरेटर हलका दाबून ती चढावर तोलून धरली तर प्लेट सतत घसरत राहते आणि वीस मिनिटांत वास येऊ लागतो. कन्व्हर्टरच्या गाडीत तेल तापले असते, येथे प्लेट जळते. हे नव्या ड्रायव्हरला कोणी सांगितलेले नसते. गाडी ताब्यात देताना त्याला रेडिओ कसा लावायचा हे दाखवतात.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. मालकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशाच एका गाडीची प्लेट दोन महिन्यांत दोनदा गेली आणि ड्रायव्हरच्या पगारातून हप्ते कापू लागले. आम्ही मिस्त्रीला म्हटले, काढलेली प्लेट टाकू नका. प्लेटीचा एक अंग कोरडा जळालेला होता, दुसरा काळा, चकचकीत, तेलाने माखलेला. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल ठिबकत होते; प्लेट भिजत होती आणि भिजलेली प्लेट कोणाच्याही पायाखाली घसरतेच. मग वजनकाट्याच्या पावत्या मागितल्या. त्या दोन महिन्यांतल्या बहुतेक खेपांना गाडीत मर्यादेबाहेर माल होता. सील बदलण्याचा खर्च प्लेटीच्या मानाने काहीच नसतो. पण त्यासाठी गियरबॉक्स उतरवावा लागतो आणि गाडी एक दिवस उभी राहते. तो दिवस वाचवला गेला आणि त्याची किंमत पगारातून वसूल होऊ लागली. अखेर तोड झाली. कापलेले निम्मे पैसे परत मिळाले. सगळे मिळाले पाहिजे होते.

चढापेक्षा उतार अधिक वाईट. 25 टनांची गाडी 600 मीटर उंचीवरून खाली आणताना जी शक्ती जिरवावी लागते ती सुमारे 500 लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला आणण्याएवढी असते. एवढी उष्णता सहा-दहा ब्रेक ड्रमांत ओतली तर ब्रेक धरेनासे होतात, आणि मग वर्तमानपत्रात ‘ब्रेक निकामी झाल्याने’ असे छापून येते. उष्णता इंजिनात जिरवायची असेल तर खालच्या गियरमध्ये उतरावे लागते. येथे ऑटोमॅटिकची एक गंमत आहे. कन्व्हर्टर इंजिनाकडून चाकाकडे जोर चांगला नेतो, पण चाकाकडून इंजिनाकडे तितका नेत नाही. आतला क्लच धरून ठेवला तरच इंजिनाचा अडथळा चाकाला जाणवतो. त्या अमेरिकन गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेक बसवणाऱ्यांना म्हणूनच उतारावर हा क्लच मुद्दाम धरून ठेवण्याची वेगळी व्यवस्था करावी लागे. खाणीतल्या डंपरांना व मोठ्या बसना रिटार्डर असतो, तो बॉक्समधल्या तेलाच्याच घुसळणीने गाडी अडवतो. आपल्या घाटांत हा भाग इतर सर्व सुधारणांच्या आधी यावा असे आमचे मत आहे. आणि डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल मारण्याची जी सवय आहे, तीमागे ‘ॲव्हरेज’च्या बक्षिसाची आणि दंडाची पद्धत आहे हे सांगितल्यावाचून ड्रायव्हरला नुसते रागावण्यात अर्थ नाही. कोकण रेल्वेने 1999 पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून नेण्याची सोय केली. त्या प्रवासात ड्रायव्हरचे दोन्ही पाय मोकळे असतात, हा आमच्या दृष्टीने सर्वांत उत्तम ऑटोमॅटिक होय.

बॉक्समध्ये दुबळेपणा एक घर पुढे सरकतो असे वर म्हटले. गुडघ्यावरचे काम गेल्यावर ते कोठे सरकले? ‘आता काय, नुसते बसून तर चालवायचे,’ असे म्हणून खेप लांबवली जाते, क्लीनर कमी होतो, दुसरा ड्रायव्हर कमी होतो. पाय थकत नाही म्हणून माणूस थांबत नाही, आणि पहाटे तीन-चारला डोळा लागतो. पूर्वी दर वळणावर क्लच दाबणाऱ्याला झोप येणे कठीण होते. 1961 च्या मोटार-वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास आणि पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली होती. परंतु पाचांहून कमी कामगार असलेला धंदा त्या कायद्याच्या कक्षेत येत नसे, आणि एक-दोन गाड्यांचा मालक ही तर या धंद्यातली नेहमीची वस्तू. तो कायदा 2020 च्या कामगार-सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट झाली. वैशाखात इंजिनाच्या शेजारी बसून ज्याने संगमेश्वर ते राजापूर केले आहे त्याला तिची किंमत विचारावी. पण थंड केबिनमध्ये झोप अधिक चांगली लागते, हेही तोच सांगेल. गाडी किती तास चालली हे नव्या गाडीचा संगणक अचूक नोंदवतो. ती नोंद आज मालकाला दिसते. ड्रायव्हरलाही मागताक्षणी ती मिळाली पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

व्याख्यानानंतर एका ट्रकमालकाने विचारले की जुन्या 1613 ला ऑटोमॅटिक बॉक्स बसवता येईल का. बसवता येईल. इंजिन आणि बॉक्स यांच्यामधले हाउसिंग नवे करावे लागेल, फ्लायव्हीलच्या जागी कन्व्हर्टरची तबकडी येईल, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलेल, रेडिएटरपुढे कूलरला जागा काढावी लागेल, आणि झडपांना हुकूम देणारा संगणक त्या इंजिनाशी जुळवावा लागेल. गाडीत असा मूळचा बदल करताना 1988 च्या मोटार-वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आर.टी.ओ. ची मंजुरी लागते. ती न घेता केला तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारील. भंगारात शहरबसचा जुना बॉक्स स्वस्त मिळतो हे खरे. पण तो थांबत-सुटत जाणाऱ्या गाडीसाठी बांधलेला असतो, आणि ट्रकच्या मागच्या आसाशी त्याचे गणित जमेलच असे नाही. क्राऊनचे 41 आणि पिनियनचे 7 दात असले तर शाफ्टच्या जवळजवळ सहा फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. आपल्या गाडीचे हे दात आधी मोजून घ्यावेत, आणि मगच भंगारवाल्याशी भावाची बोलणी करावीत.